दुर्मिळ गाठ

"याला विहीर कुठे आहे विचारा, हा ढगापासून सुरुवात करतो," असं आई माझ्याबद्दल म्हणायची. आई गेली, मी गाठी तपासणारा डॉक्टर झालो, पण ढग काही सरले नाहीत.

ताईची पाणथरी, म्हणजे प्लीहा, गाठीसकट काढली होती. कॅन्सर असेल या धास्तीने तिची झोप उडाली होती. त्या गाठीची काच मी मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि मोहरूनच गेलो. आत परकं काहीच नव्हतं. पाणथरीचंच मांस, नुसतं वेडंवाकडं रचलेलं, चाल चुकलेल्या गाण्यासारखं. खास रंग चढवून खात्री केली आणि धावतच वॉर्डात गेलो.

"ताई, अगं फारच दुर्मिळ गाठ आहे तुझी. माझ्या उभ्या नोकरीत पहिलीच."

तिच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला.

"हॅमार्टोमा म्हणतात. स्कॅनवर भल्याभल्यांना ओळखू येत नाही. मी परिषदेत बोलणार आहे हिच्यावर."

"बोल हो," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "त्याआधी माझ्या लेकीला बोलावून घे."

"तिला कशाला? तिला काय कळणार यातलं?"

"अरे शहाण्या, जाण्याआधी एकदा भेटू तरी दे तिला."

माझी सगळी विद्या तिथल्या तिथे पाणी पाणी झाली. जे पहिलं सांगायचं, तेवढंच पोटात राहिलं होतं. मी तिच्या हातातला कप काढून घेतला.

"ताई, कॅन्सर नाही गं. गाठ साधी होती, ती निघाली. तू बरी आहेस."