शुक्रवारी उघडलेली फाइल

नरेंद्रला कुवेतला जाऊन सात-आठ महिने झाले असतील तेव्हाची ही गोष्ट. बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला नव्याने झालेल्या एका इमारतीत त्यांचा फ्लॅट होता. तिथे आता त्याची बायको प्रीती आणि आई सुंदराबाई अशा दोघीच राहत होत्या.

उल्हासनगरच्या कापडबाजारातल्या काही दुकानांसाठी नरेंद्रने बिलं आणि स्टॉक सांभाळणारा एक प्रोग्रॅम लिहिला होता. तेवढ्यावर संसार चालेना, म्हणून तो एका मोठ्या गोदामाच्या कंपनीत वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर कुवेतला गेला. जाताना प्रोग्रॅम प्रीतीच्या हवाली केला. तिला ते काम नवं नव्हतं. लग्नाआधी ती अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची. दुकानदारांचे फोन ती घ्यायची, बारीकसारीक बदल करून द्यायची.

नरेंद्रचा फोन रोज यायचा. तिकडे तो तिघांबरोबर एका खोलीत राहायचा.

"जेवलीस?"

"आत्ताच. तू?"

"जेवेन आता. आई बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत."

मागे कोणीतरी मॅच लावलेली असायची, भांडी वाजायची, कोणीतरी हाक मारायचं. "चल, ठेवतो," म्हणून तो फोन ठेवायचा. प्रीतीने दिवसभर त्याला सांगायच्या म्हणून मनात ठेवलेल्या गोष्टी तशाच राहायच्या. लिफ्ट एकदाची सुरू झाली, ही. खालच्या मजल्यावरची चिमी त्याच्या झाकून ठेवलेल्या बाइकला अजून रोज टाटा करते, ही. दुसऱ्या दिवशी त्या गोष्टी सांगण्यासारख्या उरायच्या नाहीत.

एका सोमवारी दुपारी त्यातल्याच एका दुकानाच्या होतूमल शेठचा फोन आला. "भाभी, डिस्काउंट बिल के नीचे नहीं, हर आइटम के सामने दिखना चाहिए. सीझन से पहले कर दो ना."

प्रीतीने लॅपटॉप उघडला. कोड लिहिण्या-वाचण्यासाठी ती दोघं एक जुना, फुकट मिळणारा एडिटर वापरायची. नरेंद्रनेच तो तिच्या लॅपटॉपवर बसवून दिला होता. तिने बिलाची फाइल उघडायला दिली आणि एडिटर पांढराफटक पडला. मधे गोल चक्र फिरत राहिलं. मग वर 'प्रतिसाद देत नाही' अशी अक्षरं आली. तिने तो बंद केला, पुन्हा उघडला. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. इंटरनेटवर शोधलं तर कोणी म्हणे काढून टाका आणि नव्याने बसवा. तेही केलं. नवा एडिटरही तसाच अडकला.

संध्याकाळी नरेंद्रने नेहमीप्रमाणे विचारलं, "जेवलीस?"

"अजून नाही. अरे, एडिटर हँग होतोय."

"कधी?"

"कोडची फाइल उघडली की."

"थांब," तो म्हणाला. मागचा आवाज हळूहळू कमी झाला आणि एक दार बंद झाल्याचं ऐकू आलं. "मी जिन्यात आलोय. लॅपटॉप घेऊन. हां, बोल. साधी फाइल उघडते का? नुसता मजकूर असलेली?"

तिने करून पाहिलं. "हो, पटकन उघडली."

"आणि बिलाची फाइल नोटपॅडमध्ये?"

"तीही उघडली."

"म्हणजे फाइल चांगली आहे. कोड दिसला की एडिटर काहीतरी जास्तीचं करायला जातो आणि तिथे अडकतो. रंग देतो, फंक्शनांची यादी करतो... आपण एकेक बंद करून बघू."

त्या दिवशी त्यांनी रंग बंद केले. काही फरक पडला नाही. पण फोन ठेवला तेव्हा सुंदराबाई जेवून झोपायच्या तयारीत होत्या, आणि प्रीतीच्या पुढ्यातली भाजी गार झाली होती. तिने ती तशीच खाल्ली. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटत होतं.

मग रोज संध्याकाळी हेच सुरू झालं. नरेंद्र कामावरून आला की जिन्यात येऊन बसायचा. "आज एडिटरला जोडलेली प्लगिनं काढून बघू," म्हणायचा. एडिटर पांढरा पडला की तो परत शुद्धीवर येईपर्यंत वाट बघायला लागायची, आणि त्या वेळात दोघं बोलायची. लिफ्टचं सांगून झालं. चिमीचं सांगून झालं. तो म्हणाला, इथे एक केरळचा माणूस आहे, तो रात्री झोपेत बायकोशी भांडतो, आम्ही सगळे जागे होऊन ऐकतो. ती खूप हसली.

एकदा त्याला वाटलं, फाइलमध्येच एखादं विचित्र अक्षर शिरलं असेल. "नोटपॅडमध्ये उघड आणि मला वाचून दाखव."

"अख्खी?"

"जमेल तेवढी."

ती वाचत गेली. तो डोळे मिटून ऐकत असणार, असं तिला वाटलं. मध्येच तो म्हणाला, "ही राउंडिंगची ओळ मी कुठे लिहिली सांगू? बाबांना अ‍ॅडमिट केलं होतं तेव्हा, हॉस्पिटलच्या बाकड्यावर. तू डबा घेऊन आली होतीस."

"आणि तू म्हणालास, दोन मिनिटं थांब, नंतर जेवतो."

"आणि जेवलोच नाही."

"बाबांनी खाल्ला तो डबा," प्रीती म्हणाली. नरेंद्रचे वडील, बबन, त्याच दुखण्यात गेले होते.  मग ती पुढची ओळ वाचू लागली.

शुक्रवारी बदलापूरला वीज दुरुस्तीसाठी बंद असते. त्या शुक्रवारीही सकाळीच गेली. पंखा थांबला, वायफायचा दिवा विझला. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती. प्रीतीने सवयीने बिलाच्या फाइलवर क्लिक केलं आणि चहाचा कप उचलणार, तोच फाइल उघडली. रंगांसकट, फंक्शनांच्या यादीसकट. जशी नेहमी उघडायची तशी.

तिने ती बंद केली, परत उघडली. उघडली. दुसरी उघडली. तीही.

दुपारी वीज आली, वायफाय सुरू झालं, आणि एडिटर पुन्हा पांढरा पडला. आता मात्र तिच्या लक्षात आलं. तिने वायफाय बंद केलं आणि एडिटरची सेटिंग्ज एकेक करून पाहिली. फंक्शनांची यादी कुठून घ्यायची, त्या ठिकाणी नरेंद्रच्या लॅपटॉपचा पत्ता होता; एडिटर नव्याने बसवला तरी जुनी सेटिंग्ज तशीच राहिली होती. तो इथे होता तेव्हा दोघांचे लॅपटॉप घरातल्या वायफायवर एकमेकांना जोडलेले असायचे. यादी त्याच्या लॅपटॉपवर बनायची आणि हिचा एडिटर तिथून उचलायचा. तो लॅपटॉप आता कुवेतला होता. जुन्या वायफायच्या डब्यावर 'नाही' असं उत्तर लगेच मिळत असावं आणि मग एडिटर स्वतःच यादी करत असावा, म्हणून इतके महिने काही अडलं नव्हतं. पण गेल्याच रविवारी केबलवाल्याने नवा डबा बसवला होता. त्यावर ना 'हो' यायचं, ना 'नाही'. एडिटर उत्तराची वाट बघत बसायचा.

एक ओळ पुसली की काम झालं असतं. प्रीतीने त्या ओळीवर कर्सर नेला. मग तिच्या मनात आलं, आज संध्याकाळी काय बोलायचं?

तिने सेटिंग्ज तशीच बंद केली.

पुढचे काही दिवस ती दुपारी वायफाय बंद करून होतूमल शेठचं काम करायची, आणि संध्याकाळी वायफाय सुरू करून नरेंद्रला म्हणायची, "आजही तसंच होतंय." तो नवं काहीतरी सुचवायचा. ती करायची. एडिटर पांढरा पडायचा. तिला आत कुठेतरी टोचायचं, पण जिन्यातला त्याचा मोकळा आवाज कानात आला की ते विसरायला व्हायचं. एकदा तो म्हणाला, "तू कंटाळत नाहीस ना? मला सापडतच नाहीये." ती म्हणाली, "नाही रे. सावकाश शोध."

काम झालं, तिने ते होतूमल शेठना पाठवून दिलं. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी थेट कुवेतला फोन लावला.

त्या संध्याकाळी नरेंद्रने जेवणाचं विचारलं नाही. "होतूमल शेठचा फोन होता. भाभीने कमाल कर दिया, म्हणाले. प्रीती, एडिटर चालत नाही तर तू ते केलंस कसं?"

प्रीतीला थाप मारता आली असती. नोटपॅडमध्ये केलं, म्हणता आलं असतं. पण तिला ते जमलं नाही.

"मला शुक्रवारीच सापडलं होतं," ती म्हणाली. "यादीसाठी तो तुझा लॅपटॉप शोधत होता. मी ते काढलं नाही."

"का?"

"काढलं असतं तर तू जिन्यात आला असतास का?"

पलीकडे कोणीतरी जिना चढून गेलं, त्या चपलांचा आवाज आला. तो आवाज पुरता विरला. तिला वाटलं, नरेंद्र चिडला.

"मला पण तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "कॉन्ट्रॅक्ट अजून एक वर्ष वाढवलंय. मी हो म्हणून बसलोय. तुझा एडिटर बिघडायच्या आधीच. रोज सांगेन म्हणायचो. तू रोज तो प्रॉब्लेम घेऊन यायचीस, आणि मला बरं वाटायचं. चला, आजचा दिवस तर हसत गेला."

 तो परतायचा त्या दिवाळीपर्यंतचे महिने प्रीतीने बोटांवर मोजून ठेवले होते. त्याची बाइक सर्व्हिसिंगला द्यायचं ठरवून ठेवलं होतं.

"प्रीती? ऐकतेयस ना?"

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तो तिने घेतला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन वाजून थांबला की घर फार शांत वाटायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी सुंदराबाई गवार निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "भांडलात?"

"तो अजून एक वर्ष येत नाहीये, आई."

"ठाऊक आहे. मला बोलला होता."

प्रीतीने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला सांगितलं, आणि मला नाही?"

"मी त्याला तेव्हाच बोलले, पोरीला आधी विचार. ऐकलं नाही. बापासारखाच आहे, वाईट बातमी दाबून ठेवणारा." सुंदराबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "रागाव तू. चांगली चार दिवस रागाव. पण मग बोल, बाई. तुझे सासरे गेल्यापासून मला त्यांना सांगायच्या गोष्टी सुचतात. भाजी निवडताना सुचतात, विहारात बसले की सुचतात. काय करू त्यांचं? तुझा माणूस आहे तिकडे."

प्रीतीने चार दिवस लावले नाहीत. त्याच संध्याकाळी तिने स्वतःच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"मी जिन्यातच बसलोय," नरेंद्र म्हणाला. "रोज येतो. तू घेत नव्हतीस तरी येत होतो."

"ऐक. वर्ष काढायचं तर काढ. पण यापुढे हो म्हणायच्या आधी मला विचारायचं."

"चुकलं माझं."

"आणि थंडीत मी येणार आहे. महिनाभर. आईंनाही आणणार."

"अगं, खोली शेअरिंगची..."

"मग दुसरी बघ."

तो हसला.  "बघतो. नक्की बघतो. उद्याच ऑफिसात व्हिसाचं विचारतो."

ती ओळ प्रीतीने त्याच्या देखतच पुसली, म्हणजे तो फोनवर असताना. वायफाय चालू ठेवून फाइल उघडली तर लगेच उघडली. "झालं," ती म्हणाली, आणि मग दोघांनाही कळेना, पुढे काय बोलावं.

"उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला फर्निचरवाला मागे लागलाय," शेवटी तीच म्हणाली. "त्याला असाच प्रोग्रॅम हवाय. पण आपला चालणार नाही, त्याचं सगळं मापात असतं. नव्याने लिहावा लागेल."

"कधी सुरू करतेस?"

"आता करते. तू पण कर. स्टॉकचं तू घे, बिलाचं मी घेते."

तेव्हापासून ते तसंच चाललं. तो जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचा, ही डायनिंग टेबलाशी. फोन मधे ठेवलेला. पहिले काही दिवस ती दोघं बोलत राहायची, मग कामात गुंतली की बोलणं आपसूक कमी व्हायचं. खोलीचं अजून जमलं नव्हतं. व्हिसाचे कागद गेले होते, उत्तर यायचं होतं. कधी कधी टाइप करता करता प्रीतीचा हात थांबायचा. तिला वाटायचं, आता मान वर केली की तो समोर दिसेल, चष्मा कपाळावर सरकवून बसलेला. ती मान वर करायची नाही. पलीकडून त्याच्या बोटांचा आवाज येत राहायचा.

एकदा सुंदराबाई पाणी प्यायला आल्या, टेबलावरच्या फोनकडे बघून थबकल्या.

"कोणीच बोलत नाही. कट झाला काय गं?"

"नाही, आई," प्रीती म्हणाली. "आहे तो."