उरलेल्या रंगाचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणालो, मोडका नव्हे. स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियासच्या किनाऱ्यावर आरेनुको नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथे डोंगराच्या उतारावर, घरांच्या तिसऱ्या ओळीत मी उभा आहे. मला दोन झडपा आहेत, एक वर आणि एक खाली. खालची लावून वरची उघडली की घरात उजेड येतो, कोंबड्या येत नाहीत आणि शेजारणीशी गप्पाही मारता येतात. इतकी सोय राजवाड्याच्या दाराला तरी असते का?

या घरातल्या आजोबांनी पहिली होडी बांधली, तेव्हा ओकच्या चार फळ्या उरल्या. त्यांतून मी घडलो. होडीला लाल रंग दिला, डब्यात थोडा उरला, तोही मलाच मिळाला. आमच्या गावची रीतच तशी आहे. दर वसंतात होडी रंगवायची आणि उरलेला रंग दाराला लावायचा. दारासाठी म्हणून दुकानातून रंग कोणी आणत नाही. होडी विकली किंवा मोडीत निघाली, तरच दारावर विकतचा रंग चढतो. तो पाहिला की गाव काय ते समजते.

पुढे आजोबांच्या मुलाने, फिर्मोने, नवी होडी घेतली आणि ती हिरवी रंगवली. मीही हिरवा झालो. होड्या परतण्याच्या वेळेला त्याची बायको तेल्वा माझी वरची झडप लावून घ्यायची, म्हणजे समुद्रावरून माझा रंग दिसायचा. बंदराच्या भिंतीबाहेरूनच फिर्मो मला ओळखायचा आणि टोपी हलवायचा. साऱ्या उतारावर दारेच दारे, पण त्याची नजर माझ्यावरच! मला अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो.

फिर्मो गेला, होडी त्याच्या मुलाकडे, सेल्मोकडे आली. काही वर्षे बरी गेली. मग सेल्मोबरोबर जाणाऱ्या म्हाताऱ्या नेलोचे गुडघे गेले आणि जाळे ओढायला दुसरा माणूस मिळेना. होडी धक्क्याच्या उतारावर पडून राहिली. होडीला रंग नाही, तर मला कुठला? दोन वसंत असेच गेले. माझे पापुद्रे निघू लागले. उन्हाळ्यात गाव बघायला येणारे पाहुणे त्या पापुद्र्यांचे फोटो काढत आणि "वा, काय सुंदर जुनेपण!" म्हणत. माणसाच्या फाटक्या सदऱ्याचे कौतुक केले, तर त्याला कसे वाटेल? तसेच मला वाटायचे.

तेल्वाचा जावई रामिरो आतल्या मुलखातला, गव्हाच्या शेतांतला. पाहुण्यांना खोल्या भाड्याने द्याव्यात, असे त्याच्या मनात होते. माणूस मनाने चांगला, पण गावाची रीत त्याला ठाऊक नव्हती. एका रविवारी घरातले सगळे चर्चमध्ये गेले असताना त्याने आकाशी रंगाचा नवा डबा आणला आणि मला वरपासून खालपर्यंत रंगवून काढले. मी ओरडू शकलो असतो तर गाव गोळा केला असता.

तसाही गाव गोळा झालाच. चर्चमधून परतणाऱ्या बायकांनी मला पाहिले, एकमेकींकडे पाहिले आणि त्या गुपचूप घरी गेल्या. थोड्या वेळाने तीन बायका तीन भांड्यांत दुधातला भात घेऊन आल्या. कोणाचे काही गेले की आमच्याकडे असेच येतात. पुढे होती शेजारीण ओलाया, गावातली सगळ्यात तिखट जीभ.

"तेल्वा, अगं आम्हाला सांगायचं तरी! एवढ्या परक्या झालो का?"

तेल्वा नुकतीच येऊन पोहोचली होती. "काय सांगायचं?"

"होडी गेल्याचं."

"कुठे जाईल? खाली पडलीय ती."

"मग हे दार काय लाजेनं निळं झालंय?"

रामिरो हातात ब्रश घेऊन हसत उभा होता. "छान दिसतंय ना?"

"जावईबापू," ओलाया म्हणाली, "तुम्ही तर घराला सुतकच लावलंत हो!"

तेल्वाने कपाळावर हात मारला आणि तिला हसू आले. सगळ्याच हसू लागल्या. तेवढ्यात सेल्मो धापा टाकत वर आला. धक्क्यावरून माझा निळा रंग पाहिलेल्या दोघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून "वाईट झालं रे" म्हटले होते. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, तुला कोणी सांगितलं? सही तर मंगळवारी आहे."

हसणे थांबले. "कसली सही?" तेल्वाने विचारले.

सेल्मोने मान खाली घातली. "होडी मोडीत द्यायची. सही झाल्यावर सांगणार होतो. एकट्यानं जाळं ओढता येत नाही गं. पाहुण्यांच्या खोल्यांच्या चाव्या सांभाळायला माणसं मिळतात, जाळ्याला मिळत नाहीत."

तेल्वा माझ्या पायरीवर बसली. "मला वाटलं, दार खोटं बोलतंय," एवढेच ती म्हणाली. मित्रांनो, मी आयुष्यात कधी खोटे बोललो नव्हतो. पण त्या दिवशी माझे खरे ठरले याचे मला फार दुःख झाले.

रामिरोने ब्रश खाली ठेवला. "मी येतो जाळं ओढायला."

"तुम्ही?" ओलाया म्हणाली. "परवा धक्क्यावर उभ्या उभ्या तुम्हाला मळमळत होतं!"

"मळमळू दे. दार मी बिघडवलंय."

"पहाटे चारला उठावं लागतं," सेल्मो म्हणाला.

"आमच्या गाई काय दहाला उठायच्या?"

सेल्मो घरात निघून गेला. रामिरो मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला खरवडत बसला. निळा निघाला, खालून हिरवा आला, कुठे कुठे आजोबांचा लालही डोकावला. तेल्वा त्याच्या पाठीशी पहाऱ्याला उभी होती. "बस! हिरव्याला हात लावशील तर जेवायला मिळणार नाही."

मंगळवारी सेल्मो चांगला सदरा घालून, कागद खिशात ठेवून निघाला. बाहेर पडताना त्याचा तळवा माझ्या हिरव्यावर टेकला. तो तिथेच थांबला. मग रामिरोकडे वळून म्हणाला, "तुझ्या पायाचं माप काय? बाबांचे रबरी बूट होतील का बघ." ती सही राहिली ती राहिलीच.

त्याच आठवड्यात होडी रंगवायला घेतली. दोन वर्षे कोरडी पडलेली ती, अधाशासारखी रंग प्यायली. डब्याच्या तळाशी उरला तो जेमतेम एका झडपेपुरता.

"मी दुकानातून एक छोटा डबा..." रामिरो बोलू लागला.

"नाही!" सगळे एकदम ओरडले.

"वरची रंगव," तेल्वा म्हणाली. "खालची कोंबड्यांना दिसते, वरची समुद्राला."

म्हणून मी आज असा आहे. वर नवाकोरा हिरवा, खाली खरवडलेला, कोपऱ्यांत निळ्याचे ठिपके. पाहुणे विचारतात, अर्धेच का रंगवले? रामिरो सांगतो, "खाली माझी चूक आहे, वर आमची होडी."

मित्रांनो, जुन्या वस्तूला नवे करायला जाल, तेव्हा आधी तिच्या घरातल्या माणसांना विचारा. आमच्या अंगावरचा जो रंग तुम्हाला विटका वाटतो, त्याच्याकडे कोणाचे तरी डोळे लागलेले असतात. आम्हाला नवेपण नको, आमच्या माणसांची आठवण ठेवणारा हात हवा.

आता पुरे करतो. होड्या यायची वेळ झाली. तेल्वाने माझी वरची झडप लावली आहे आणि बंदराच्या भिंतीबाहेर एक हिरवी होडी दिसते आहे. तिच्यात दोन माणसे आहेत. एक कठड्यावर वाकून ओकतो आहे आणि वाकल्या वाकल्याच माझ्याकडे बघून टोपी हलवतो आहे.