छाणीच्या तळ्यातलं जाळं

छाणीच्या तळ्यात कुणीतरी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यात मऊ पाठीची कासवं अडकून मरत होती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मृदुलाला महिनाभरात काठाशी तीन मेलेली सापडली. तिचा मोठा भाऊ प्रतापसिंह कारेलीबागेतल्या जलतरण तलावावर पोहणं शिकवायचा. तो म्हणाला, "मी उतरतो. कापून काढू."

"मगर-बगर नथी, भाई," तळ्यावर म्हशी धुणारे काका नकारार्थी हात हलवत म्हणाले. पण मगरींनी भरलेल्या विश्वामित्री नदीचा पूर ओसरून दोनच आठवडे झाले होते. मृदुलाने भावाच्या कमरेला दोर बांधला.

"दादा, दोनदा हिसका दिलास की ओढते. आणि काही झालं तरी हातपाय झाडू नकोस."

वरचं पाणी कोमट होतं, खालचं गार. स्वतःचा हातही दिसेना. शेवाळ तोंडावरून सरकत होतं. चाचपडताना जाळं हाताला लागलं, त्यात कुजलेले मासे, आणि मग ताटाएवढी मऊ पाठ. ती हलत होती. कासव जिवंत होतं. श्वास घ्यायला तो दोनदा वर येऊन गेला.

तिसऱ्या बुडीत तो दोरे कापत असताना जाळं पलीकडून ताणलं गेलं. क्षणभर सैल पडलं, पुन्हा ताणलं. मग त्याच्या मांडीला काहीतरी घासलं. खरखरीत, टणक. ते घासतच राहिलं, संपेचना.

त्याच्या लक्षात आलं. पाय मारून वर सुटावं असं सगळं अंग ओरडत होतं. तो दगडासारखा थिजला. छाती फुटायला आली होती. कासवाच्या मानेभोवती एकच फास उरला होता. तो त्याने कापला. धाडसाने की हातांना काहीतरी हवं होतं म्हणून, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. सुरी तिथेच सोडून त्याने दोराला दोन हिसके दिले.

मृदुलाने त्याला काठावर ओढलं.

"कासव सुटलं?" त्याने विचारलं.

"दिसलं नाही रे."

तेवढ्यात मधोमध पाणी फुगलं आणि जाळ्याची तरंगती बुचं एकामागून एक खाली गेली. काका आरडाओरडा करत म्हशी बाहेर हाकू लागले.

चौथ्या दिवशी वनखात्याच्या माणसांनी आठ फुटी मगर पिंजऱ्यात धरली आणि जाळं काठावरूनच ओढून काढलं. त्यात कासव नव्हतं. प्रतापसिंह मात्र महिनाभर तलावात उतरला नाही; शिट्टी तोंडात धरून काठावरूनच शिकवत राहिला.