नवसाचं वजन

राहीचं लग्न झालं ते साल एकोणीसशे एकोणसाठ. त्या हळदीत नवरीची आई गोदूबाई नाचायला उठली आणि दोन गिरक्यांत धापा टाकत ओट्यावर बसली. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात तिच्याएवढी जाड बाई नव्हती, आणि तिच्याएवढी कामसूही नव्हती. पण आता गुडघे साथ देईनात. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चौलच्या आळ्या फिरणं तिला जमेना.

दसऱ्यानंतर वादळ झालं. लेक सदा दोन दिवस समुद्रात अडकला. गोदूबाई गावदेवीच्या पायरीवर बसून म्हणाली, "माजा पोर आण. माज्या भारंभार नारळ देईन." तिसऱ्या दिवशी सदाची होडी दिसली. चैत्राच्या जत्रेत नारळांनी तिची तुला करायची ठरली.

दिवाळीत अलिबागच्या डॉक्टरांनी तिला वजन उतरायच्या गोळ्या लिहून दिल्या. "सकाळी एकच, तीही खाऊन. छाती धडधडली तर बंद करा आणि मला भेटा," असं त्यांनी तिच्या नवऱ्याला, तुळशीरामला, दोनदा बजावलं.

गोळीनं भूक मेली. अंग झडझडून कामाला लागलं. चोळ्या सैल झाल्या आणि पाटी पुन्हा डोक्यावर चढली. शेजारची काशी म्हणाली, "गोदू, तुजी सासू वरून बगत असंल तं म्हणंल, पोरानं दुसरी केली." गोदूबाई खूप हसली.

माघात एकदा जाळं विणता विणता तुळशीराम बोलून गेला, "देवीचे नारळ वाचले गो. निम्मी तुला घरातच उतरली."

या वेळी ती हसली नाही.

"नवस बोलले तवा मी केवडी व्हते?"

"देवी काय काटा घेऊन बसलीय?"

"दर्या बसलाय. सदा रोज त्याच्याच पाठीवर जातो."

त्या दिवसापासून ती मुद्दाम जेवायला बसू लागली, पण दोन घासांपुढे भात जाईना. "मग गोळी सोड," तुळशीराम म्हणाला. तिनं दोन दिवस सोडलीही, पण अंग ओल्या जाळ्यासारखं पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. झोप उडाली होती. शेजारी पडलं की तिची छाती त्याला कळायची, झाकल्या टोपलीत जिवंत मासा आपटावा तशी.

"डॉक्टरकडं जाऊ," तो म्हणाला.

"जत्रा व्हऊ दे."

आणि त्यानं होऊ दिली.

जत्रेच्या सकाळी जाळ्याची शिशाची वजनं जागेवर नव्हती. तुळशीराम सदावर तापला. सदा म्हणाला, "मी न्हाय घेतली, बा." गोदूबाई चुलीपाशी नवं लुगडं नेसून उभी होती. तिला उपास होता. गोळी तिनं नुसत्या पाण्याबरोबर घेतली.

देवळापुढच्या वडाला सुके बोंबील तोलायचा मोठा काटा टांगला होता. गोदूबाई एका पारड्यात बसली. दुसऱ्यात नारळ पडत गेले. तुळशीरामनं मनात धरले होते त्याहून कितीतरी जास्त लागले. काशी म्हणाली, "दिसते बारीक, पर हाड जड हाय बाईचं." पारडी सारखी झाली तेव्हा गोदूबाईनं देवीकडे पाहून हात जोडले. माघानंतर पहिल्यांदाच तिचा चेहरा असा निवांत दिसला.

ती उतरली आणि प्रदक्षिणेला निघाली. देवळामागे पोचेपर्यंत तिचे ओठ काळे पडले. ती भिंतीला धरून खाली बसली आणि आडवी झाली. तुळशीराम धावला. तिला श्वास घेता यावा म्हणून त्यानं तिच्या कमरेची गाठ सोडली. आत फडक्याचा पट्टा होता, घट्ट आवळलेला. त्यानं तो ओढला तशी शिवण उसवली आणि आतलं शिसं त्याच्या मांडीवर सांडलं. रोज हाताळलेलं, त्याच्याच जाळ्याचं.

"भरलं ना?" तिनं विचारलं.

"भरलं गो," तो म्हणाला.

गोदूबाई एकोणीसशे साठ सालच्या चैत्र पौर्णिमेला, दुपारच्या आत, गावदेवीच्या देवळामागे वारली.