पडवीची टोपी

खरड छाटणी म्हणजे द्राक्षबागेचं मुंडणच. एप्रिलच्या उन्हात वेलावर एक पान ठेवत नाहीत, मग मांडवाखाली सावली यायची कुठून? आणि लंकाबाईंना नेमकं तेच काम जिवापाड आवडायचं. निफाडजवळची ती बाग त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली. हरसूलकडून छाटणीची टोळी आली तरी पहिल्या वेलाला कात्री लागायची ती लंकाबाईंचीच.

पण गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या तोंडावर लालभडक चट्टे उठले, डोळे सुजून मिटले. नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "ऊन बाधतंय तुम्हाला. चेहऱ्यावर ऊन पडता कामा नये. जमत नसेल तर बागेत जाणं सोडा."

"बाग सोडा म्हनं! तिला म्हनावं, तू दवाखाना सोड," असं लंकाबाई दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत पुटपुटत होत्या. घरी आल्या आणि गप्प झाल्या त्या झाल्याच. दिवसभर ओट्यावर बसून बागेकडे बघायच्या. जेवायला बोलावलं तर अर्धी भाकरी कुस्करून उठायच्या. सून योगिनी ओट्यालगतच्या खोलीत शिलाईकाम करायची. मशीनवरून तिला सासूची पाठ दिसायची. नवी नवरी होती तेव्हा ती या बाईच्या आवाजाला चळाचळा कापायची. आता तोच आवाज कानावर पडावा म्हणून तिचा जीव कासावीस व्हायचा.

पदर घ्यावा, तर वर बघितलं की तो मागं घसरतो, आणि बागेत तर सगळं काम वर बघूनच. योगिनीनं बाजारातून मोठ्या कडेची टोपी आणली. ती अंबाड्यावर बसेना. मान वर केली की मागची कड पाठीला टेकायची आणि टोपी डोळ्यांवर यायची. लंकाबाईंनी ती बुजगावण्याला देऊन टाकली.

मग योगिनीनं डोकं चालवलं. सुती कापडाची घट्ट टोपी शिवली, मागून अंबाडा बाहेर काढायला मोकळी. कड अर्धीच, एका बाजूपुरती, पण फिरती. ओळीच्या टोकाला वळलं की ऊन बदलतं, तशी कड सरकवायची, कधी कपाळावर, कधी कानावर. धुवायची झाली की काढूनही ठेवता यायची.

"घराला पडवी असती तशी हाय गं ही!" लंकाबाई आरशात बघून हसल्या. किती महिन्यांनी हसल्या त्या!

आता योगिनीची शिलाई कशी, तर एकदा लावलेलं सुटायचं नाव नको. ब्लाउज फाटेल, पण हूक निघणार नाही. टिचबटणाचं तर तिच्यापुढे नाव काढायची सोय नव्हती. "ओढ बसली की सुटतं, ते कसलं मेलं बटण?" म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवायची. त्याच हिशेबानं तिनं ती कड जाड पट्ट्यावर शिवली आणि पट्ट्याला भक्कम बक्कल लावलं.

छाटणीच्या पहिल्याच दिवशी घोळ झाला. लंकाबाई स्टुलावर चढून छाटत होत्या. वळताना टोपीची कड मांडवाच्या तारेत अडकली. तार सोडेना, बक्कलही सोडेना. मानेला हिसका बसला, स्टूल कलंडलं. टोळीचा मुकादम भिका शेजारच्याच ओळीत होता म्हणून बरं, त्यानं धावत येऊन काकूंना वरचेवर झेललं.

योगिनीचा नवरा रोहित संध्याकाळी कामावरून आला तो भडकलाच. "बास! आई आता बागेत पाऊल टाकणार नाही."

लंकाबाई मान शेकत ओट्यावर बसल्या. योगिनी रडवेली होऊन जवळ आली, तशा म्हणाल्या, "टोपी चांगली हाय गं. पडवी लय पक्की झाली, येवढंच."

योगिनीच्या ध्यानात आलं. म्हणजे जिचा आपण तोरा मिरवतो, तीच मजबुती आईंच्या मानेवर आली! ती तडक आत गेली आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला टिचबटणांचा डबा काढला. टोपीला चहूबाजूंनी बटणं, कडेला तीन. हवी तिथं दाबून बसवा. स्वतः घालून बागेत गेली आणि मुद्दाम कड तारेत अडकवून चालू लागली. टिच! कड तारेला लटकत राहिली, डोकं आपलं मोकळं. मग कुठं रोहित तयार झाला. भिकानंही टोळी घेऊन जाताना काकूंसाठी शेवटच्या ओळी राखून ठेवल्या होत्या.

मान बरी झाल्यावर लंकाबाई त्या ओळी छाटायला गेल्या. दुपार कलल्यावर योगिनी चहाची किटली घेऊन बागेत शिरली आणि जागीच थबकली. स्टूल आडवं पडलेलं. तारेला नुसती कड लोंबत होती. आईंचा पत्ता नाही.

"आई!" किटली हातातून निसटली. "आई, कुठं आहात?"

"काय झालं बोंबलायला?" बांधावरच्या लिंबाखालून आवाज आला. लंकाबाई तोंडावर पदर ओढून निवांत बसल्या होत्या. "तारेत गुतली पडवी. टिच झालं आन् सुटली. मला कळलं बी नाय. नाकाला ऊन लागलं तवा सावलीला आले."

"आणि ते स्टूल?"

"मीच आडवं केलं. लोखंडी हाय, उभं ठेवलं तर उन्हानं तापतं, मग बसलं की बूड भाजतं!"

योगिनीचा जीव भांड्यात पडला. ती तिथंच ढेकळांत बसली आणि रडता रडता हसायला लागली.

"रडती काय येड्यावानी? चहा सांडला तो सांडला, आता बसून ऱ्हायली! ऊठ, पडवी आन माझी. ऱ्हायलेल्या ओळी काय तुझा बाप येनार हाय छाटायला?"

आईंनी तिला असं खडसावून वर्ष झालं होतं. योगिनीनं डोळे पुसले आणि पडवी आणायला पळत सुटली.