दहा हजार एकावी टाइल

शाळेला शंभर वर्षं झाली म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी आजी-माजी विद्यार्थ्यांकडून हाताने रंगवलेल्या टाइल मागवल्या. पाच-पाच सेंटिमीटरच्या, बरोब्बर दहा हजार जमल्या. सभागृहाच्या भिंतीवर शंभर ओळी, ओळीत शंभर. टाइल बसवणारा मिस्त्री खूश होता. इतकं सरळ काम कधी मिळतं?

तो सुरुवात करणार, तोच शाळेची शिपाईमावशी आली. तीस वर्षं शाळेची दारं तीच उघडत होती. तिने रुमालातून एक टाइल काढली. त्यावर किल्ल्यांचा जुडगा रंगवला होता, गंजासकट.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली, "पण मीही काढली. बसेल का कुठे?"

"बसेल की!" मिस्त्री बोलून गेला.

मुख्याध्यापिकाबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, चौकोन बिघडेल. ती मागच्या खोलीत लावा."

मिस्त्री तोंड पाडून घरी आला. पाय मोडल्यामुळे सासूबाई मुक्कामाला होत्या. आयुष्यभर कपडे बेतलेली बाई, आता रिकामपणी दिसेल त्या आकड्याला भागत बसायची.

"आई, दहा हजार एकचा आयत होईल का हो? एकही टाइल न उरता?"

"दोन, तीन, पाच तर जात नाहीत."

"मग कशानेच जात नसेल. सोडा."

"नसेल म्हणजे? न बघताच? शंभरापर्यंतच तर बघायचंय. दोन्ही बाजू शंभराच्या वर गेल्या, तर गुणाकार दहा हजार दोनशेच्या घरात जातो."

दोघं कागद घेऊन बसले. सात गेला नाही, अकरा गेला नाही, एकोणिसावरून भांडण झालं. जेवणं थंड झाली. नवऱ्याचं आणि आईचं पहिल्यांदाच जमतंय हे पाहून मिस्त्रीची बायको गुपचूप आत निघून गेली. एकाहत्तरने भागून एकसष्ट उरले, तेव्हा मिस्त्रीने पेन्सिल टाकली.

"उचला ती!" सासूबाई म्हणाल्या आणि मिनिटभराने ओरडल्या, "त्र्याहत्तर! त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस! बाकी शून्य!"

सकाळी मिस्त्रीने भिंत मापली. त्र्याहत्तर ओळी, ओळीत एकशे सदतीस. आरामात मावत होतं. खडूने रेघा मारताना त्याच्या लक्षात आलं, दोन्ही आकडे विषम आहेत, म्हणजे एक टाइल अगदी मधोमध येणार. शंभर बाय शंभरमध्ये मधोमध नुसती फट आली असती. सदतिसावी ओळ, एकोणसत्तरावी जागा. तिथे त्याने किल्ल्यांचा जुडगा बसवला, कुणाला न विचारता.

मुख्याध्यापिकाबाईंनी येऊन भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाल्या, "बरी दिसतेय हो तिथे."

मावशी पुढे झाली. टाइलवर सिमेंटची धूळ होती, ती तिने रुमालाने पुसली. मग शेजारची पुसली, तिच्या शेजारची पुसली, आणि हात पोचेल तिथपर्यंत पुसतच राहिली.