दोन शेंड्यांची झाडं

आमच्या बाबांनी जन्मभर झाडांची छाटणी शिकवली ती पुरुषांना. मला शिकवली ती या शनिवारी, तीही त्यांचे हात थरथरायला लागले आणि दादा उरला नाही म्हणून.

दादा चार महिन्यांपूर्वी झोपेतच गेला. मागे राहिली वहिनी, आणि बाबांच्या घराला लागून असलेल्या तुकड्यात त्यानं लावलेली नासपतीची बावीस कोवळी झाडं. परवाच्या वादळात त्यातली तीन मधोमध चिरली. तेव्हा वहिनीनं मला स्पष्ट सांगितलं, "रविवारपर्यंत नीट करून देता आली तर ठेवते. नाहीतर सोमवारी सगळी उपटून टाकणार. ह्यांची झाडं अशी एकेक करून मोडताना मला बघवत नाहीत." मी "करते" म्हणून बसले. मी शिंपीण, कात्रीला थोडीच घाबरते! पण पहिल्याच झाडाशी बाबा म्हणाले, "कापडासारखं ठिगळ लागत नाही इथे. बघून काप."

थंडी अशी, की हातमोज्यातूनही लोखंड चावत होतं. बाबा काठीनं दाखवत होते.

"नखानं साल खरवड. हिरवं दिसलं तर जिवंत. आता वर बघ, शेंडे किती?"

"दोन."

"शेंडा एकच हवा. दोन सारख्याच जोरानं चढले की बेचक्यात साल दबते, पाणी मुरतं, आतून कुजतं. कमजोर तो काढ."

"घरातही तुमचा हाच न्याय होता," मी म्हटलं. त्यांनी ते कानाआड केलं.

बावीसच्या बावीस झाडांना दोन शेंडे. दादानं एकालाही कात्री लावली नव्हती. बेचकं हिरवं असेल तिथे मी एक शेंडा उतरवायची. काळं पडलं असेल तिथे बाबा "हे गेलं" म्हणायचे आणि मी लाल चिंधी बांधायची. शनिवारी अंधार पडेपर्यंत बारा झाडं झाली, त्यातली सात गेलेली. माझी बोटं सुजली होती, पण रडू आलं ते बोटांमुळे नाही.

रविवारी सकाळी पुन्हा एक काळं बेचकं निघालं. मी विचारलं, "हा शेंडा कधी काढायला हवा होता?"

"पहिल्याच हिवाळ्यात. तेव्हा करंगळीएवढा असतो. दोन बोटांनी खुडता येतो."

"तुम्ही पाहिला होतात?"

बाबांनी काठी मातीत रोवली. मग म्हणाले, "स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसतं. दोन वर्षं बघत होतो."

तुमची जुनी पद्धत मला नको, असं दादानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, दोघेही तसलेच.

"म्हटलं, ठेच लागेल, मग येईल विचारायला," बाबा म्हणाले.

"एक शब्द, बाबा! कुंपणावरून एक शब्द टाकायचा होतात!" मी इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा दुखला. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी मी पुढच्या झाडाकडे गेले. झाडं थोडीच थांबणार होती.

दुपारी वहिनी आली. तिनं ओळीतून फिरून चिंध्या मोजल्या.

"तेरा गेली?"

"नऊ वाचली," मी म्हटलं.

तिनं वाचलेल्या एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. "नऊ तर नऊ. राहू देत." आणि मग बाबांकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ह्यांना सारखी धाकधूक असायची हो, आपलं काही चुकतंय का म्हणून. मी म्हणायचे, जा की, बाबांना विचारा. तर म्हणायचे, 'बाबा रोज खिडकीत उभे राहून बघतात. चुकत असतं तर गप्प बसले असते का ते?'"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी, असं त्यांना वाटत होतं. मी तोंड उघडलं नाही.